कमी धातुतेच्या बटू दीर्घिकांत थंड धूळ किती? अवरक्त निरीक्षणांवरून काय म्हणता येते

नागपूरच्या एका एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातील मोजमापे वापरून तिला प्रकल्पासाठी एका कमी धातुतेच्या (हेलियमहून जड मूलद्रव्ये, म्हणजे खगोलशास्त्रातले ‘धातू’, कमी असलेल्या) बटू म्हणजे लहान दीर्घिकेतील धुळीचे वस्तुमान काढायचे आहे. निरनिराळ्या तरंगलांबींवरच्या प्रकाशाला एकाच तापमानाच्या धुळीचा वक्र बसवला की ५०० मायक्रॉनचा बिंदू वक्राच्या बराच वर राहतो. तो जुळावा म्हणून अतिथंड धुळीचा दुसरा घटक मिळवला की एकूण वस्तुमान पाच-सहा पटींनी फुगते. यांपैकी कोणते उत्तर खरे मानायचे, इतकी थंड धूळ तिथे खरोखर आहे का, आणि जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनी हा गुंता सुटेल का, असे तिने विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो: नाही. जेम्स वेबची दृष्टी सुमारे २८ मायक्रॉनपर्यंतच पोहोचते. त्या टप्प्यात गरम धूळ, ताऱ्यांजवळचे सूक्ष्म कण आणि बहुचक्रीय कार्बनी रेणूंचे पट्टे दिसतात आणि त्यांचा अभ्यास फार मोलाचा आहे; पण आपल्याला ज्या धुळीचे वस्तुमान हवे आहे ती २० ते ३० केल्विनची धूळ तिथे जवळजवळ अंधारात असते.

मुख्य प्रश्नावर माझे मत असे आहे की, ५०० मायक्रॉनवरचा जादा प्रकाश खरा असला तरी त्याचे थेट थंड धुळीच्या वस्तुमानात रूपांतर करू नये. अशा दीर्घिकांच्या बाबतीत अतिथंड धुळीचे वस्तुमान बहुधा मोजलेले नसते, मानलेले असते, आणि ते मानण्याआधी त्या दीर्घिकेजवळ तेवढे धातू आहेत का हे तपासावे लागते. हे मत कशावर आधारलेले आहे ते आता सविस्तर सांगतो.

कोणतीही वस्तू तिच्या तापमानानुसार ठरावीक तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक प्रकाशते. मे महिन्यात नागपुरातली गच्चीची भिंत ४५ अंश सेल्सिअसला, म्हणजे सुमारे ३१८ केल्विनला पोहोचते, तेव्हा तिच्या उत्सर्जनाचा कळस ९ मायक्रॉनच्या जवळ असतो. हाच नियम ३० केल्विनच्या धुळीला लावला तर कळस सुमारे १०० मायक्रॉनवर येतो, २० केल्विनला १४५ वर आणि १० केल्विनला २९० वर. धुळीचे कण आदर्श कृष्णिका (सगळा प्रकाश शोषणाऱ्या आणि फक्त तापमानानुसार प्रकाशणाऱ्या वस्तू) नसतात. लांब तरंगलांबीकडे जाताना त्यांची उत्सर्जकता घटत जाते, साधारणपणे तरंगलांबीच्या दीड ते दोन घातांच्या व्यस्त प्रमाणात. घात दोन धरला तर एकूण उत्सर्जन तापमानाच्या सहाव्या घाताने बदलते. म्हणजे १० केल्विनची धूळ तितक्याच वस्तुमानाच्या ३० केल्विनच्या धुळीपेक्षा ७२९ पट मंद असते. सगळी अडचण या एका आकड्यात आहे: थोडीशी उबदार धूळ प्रकाश मिळवून जाते आणि ढीगभर थंड धूळ दिसतही नाही.

हा प्रकाश जमिनीवरून पाहता येत नाही, कारण वातावरणातील पाण्याची वाफ तो शोषून घेते. ३५०, ४५० आणि ८५० मायक्रॉनजवळच्या काही अरुंद खिडक्या सोडल्या तर अतिशय उंच आणि कोरड्या पठारांवरूनही काही हाती लागत नाही. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून मोठ्या फुग्यांवर एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण वारंवार उडवली आहे. तिचे लक्ष्य मात्र प्रामुख्याने आपल्याच आकाशगंगेतील तारकानिर्मितीचे प्रदेश हे राहिले. बटू दीर्घिकांइतका क्षीण प्रकाश पकडायचा तर थंड केलेली उपकरणे अवकाशात न्यावी लागतात. १९८३ साली आयरास या अवकाश दुर्बिणीने १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनवर संपूर्ण आकाशाची पाहणी केली. पण १०० मायक्रॉनवर थांबल्यामुळे तिला उबदार धूळच मुख्यतः दिसली. १९९५ ते १९९८ मध्ये आयएसओ, आणि २००३ पासून ८५ सेंटिमीटरचा आरसा असलेली स्पिट्झर या अवकाश दुर्बिणींनी मर्यादा १६० मायक्रॉन आणि त्यापुढे थोडी सरकवली. खरा बदल झाला तो १४ मे २००९ रोजी निघालेल्या हर्शेलमुळे. तिचा आरसा साडेतीन मीटरचा होता, पॅक्स हा कॅमेरा ७०, १०० आणि १६० मायक्रॉनवर आणि स्पायर हा २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉनवर छायाचित्रे घेत असे. २९ एप्रिल २०१३ रोजी तिच्यातील हेलियम संपला. त्या चार वर्षांत सुझन मॅडन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पन्नास बटू दीर्घिकांची जी पाहणी झाली, तिच्यात सूर्याच्या जवळपास धातुता असलेल्यांपासून पन्नासाव्या हिश्श्याइतकी धातुता असलेल्यांपर्यंत सर्व प्रकार होते, आणि आजही या विषयाचा कणा तीच पाहणी आहे.

या पाहणीतून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे आली. कमी धातुतेच्या बटू दीर्घिकांतील धूळ, सरासरीने पाहता, मोठ्या सर्पिल दीर्घिकांतील धुळीपेक्षा गरम असते. सर्पिलांत २३ केल्विनच्या आसपासचे तापमान मिळते, तर बटू दीर्घिकांत ते ३२ केल्विनच्या आसपास जाते. कारण उघड आहे. धातू कमी, म्हणून धूळ कमी. धूळ कमी, म्हणून तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश अडवणारे कोणी नाही. आणि शिवाय कमी धातूंचे तारे स्वतःही अधिक तप्त. त्या उघड्या वातावरणात नाजूक कार्बनी रेणू टिकत नाहीत, कणांना उष्णता भरपूर मिळते. मग अशाच दीर्घिकांत १० केल्विनची धूळ मोठ्या प्रमाणात दडलेली असावी, हा दावा मुळातच थोडा चमत्कारिक वाटायला हवा. तो अशक्य नाही. पण पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते.

आता, विद्यार्थिनीलाच उद्देशून सांगतो, तुमच्याच परिस्थितीसारखे एक गणित हाताने करून पाहू, कारण संगणकाच्या वक्रामागे काय चालले आहे ते त्यातून दिसते. समजा, एका दीर्घिकेत १० कोटी सूर्यवस्तुमानाइतका वायू आहे, तिची धातुता सूर्याच्या एक दशांश आहे आणि १६० मायक्रॉनपर्यंतच्या बिंदूंवरून ३० केल्विनची १० हजार सूर्यवस्तुमान धूळ मिळते. ५०० मायक्रॉनला मात्र या धुळीने द्यायला हवा त्याच्या दीडपट प्रकाश येतो आहे. तापमानावरून उत्सर्जन सांगणाऱ्या प्लांकच्या सूत्रात घातले तर ५०० मायक्रॉनवर १० केल्विनची धूळ तितक्याच वस्तुमानाच्या ३० केल्विनच्या धुळीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी प्रकाशते. म्हणून निम्मा जादा प्रकाश भरून काढायला ५२ हजार सूर्यवस्तुमान थंड धूळ लागते. एकूण बेरीज ६२ हजार. वायू आणि धूळ यांचे गुणोत्तर एका झटक्यात १०,००० वरून सुमारे १,६०० वर आले, आणि हे सगळे एका बिंदूच्या बळावर.

तापमान १० च्या ऐवजी ७ केल्विन धरले तर? तुमच्या आलेखावर दोन्ही वक्र जवळजवळ सारखेच चांगले बसतील. पण लागणारी थंड धूळ १ लाख ८६ हजार सूर्यवस्तुमानांवर जाते. इथे थांबून हिशोबाची वही उघडावी. सूर्याच्या वस्तुमानात हेलियमहून जड मूलद्रव्यांचा वाटा सुमारे १.३४ टक्के आहे. त्याचा दशांश ०.१३४ टक्के. दहा कोटींच्या वायूत म्हणजे सगळे मिळून १ लाख ३४ हजार सूर्यवस्तुमान धातू. त्यांतला कण न् कण धुळीत गेला तरी १ लाख ८६ हजारांची धूळ बनू शकत नाही. सात केल्विनचे उत्तर बाद झाले, आणि ते बाद करायला नवी दुर्बीण लागली नाही. दहा केल्विनचे उत्तर या कसोटीवर लगेच बाद होत नाही. मात्र त्यात सुमारे ४६ टक्के धातू धुळीत आहेत असे मानावे लागते. आपल्या आकाशगंगेत हे प्रमाण साधारण निम्मे आहे, पण तिथे धूळ वाढण्यासाठी दाट ढग आणि अब्जावधी वर्षांचा साठा उपलब्ध आहे. विरळ, उघड्या, धातूंनी दरिद्री अशा दीर्घिकेने आकाशगंगेइतक्याच कार्यक्षमतेने धूळ साठवली असे म्हणायचे असेल तर त्याचे वेगळे कारण दाखवावे लागेल.

याच गणितातून दुसरी एक कसोटी निघते, आणि विद्यार्थी ती हमखास विसरतात. ती ५२ हजारांची थंड धूळ फक्त ५०० मायक्रॉनला उजळत नाही. १६० मायक्रॉनवर ती जेमतेम एक टक्का भर घालेल, २५० वर सुमारे दहा टक्के, पण ३५० वर तब्बल चतुर्थांश. स्पायरच्या अंशशोधनातील (मोजपट्टी ठरवण्यातील) अनिश्चितता त्यापेक्षा खूप कमी आहे, त्यामुळे दीर्घिका पुरेशी उजळ असेल तर ३५० चा बिंदूही वक्राच्या वर उचललेला दिसायलाच हवा. आणि ८७० मायक्रॉनवर तर जादा प्रकाश अपेक्षित प्रकाशाच्या नव्वद टक्के भरायला हवा. तुमच्या दीर्घिकेत ३५० चा बिंदू वक्रावर शांतपणे बसला असेल आणि फक्त ५०० चाच वर असेल, तर दहा केल्विनची धूळ हे त्याचे स्पष्टीकरण नव्हे.

मग काय असू शकते? सर्वांत आधी मोजमापाचीच शंका घ्यावी. ५०० मायक्रॉनवर हर्शेलच्या प्रतिमेतील एका बिंदूचा पसारा ३६ कोनीय सेकंद इतका असतो. तेवढ्या ठिपक्यात दूरच्या, मोठ्या ताम्रसृतीच्या (विश्वाच्या प्रसरणामुळे ज्यांचा प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकतो अशा) धुळकट दीर्घिका सहज सापडतात, आणि त्यांचा प्रकाश ताणला जाऊन नेमका याच पट्ट्यात येतो. या गर्दीमुळे प्रत्येक ठिपक्यामागे सहा-सात मिलिजान्स्कींचा (हे क्षीण प्रकाश मोजण्याचे एकक) गोंधळ कायमचा शिल्लक राहतो. निरीक्षणाचा वेळ वाढवून तो जात नाही. छोट्या बटू दीर्घिकेचा एकूण प्रकाशच पंधरा-वीस मिलिजान्स्की असेल तर दीडपट म्हणजे नेमके किती, हे तुम्हीच ठरवा. त्यातच स्पायरच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ मोहिमेच्या उत्तरार्धात सुधारले गेले आणि ५०० मायक्रॉनची जुनी मोजमापे सुमारे १० टक्क्यांनी खाली आली. जुन्या शोधनिबंधातील आकडे उचलताना ते कोणत्या अंशशोधनाचे आहेत हे न पाहणारे अजूनही भेटतात.

यानंतर येते ती तप्त आयनित वायूची भेसळ. तरुण ताऱ्यांभोवतीचा वायू रेडिओपासून उपमिलिमीटरपर्यंत जवळजवळ सपाट वर्णपट देतो. धुळीचा प्रकाश लांब तरंगलांबीकडे झपाट्याने घसरतो, त्यामुळे कुठेतरी हा सपाट वर्णपट त्याला गाठतोच. धूळ जितकी कमी आणि तारकानिर्मिती जितकी जोरदार, तितकी ही गाठ अलीकडे पडते. एसबीएस ०३३५-०५२ या दीर्घिकेचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. सूर्याच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याइतकी धातुता, अंतर सुमारे साडेसतरा कोटी प्रकाशवर्षे आणि त्यात तरुण ताऱ्यांचे काही अतिविशाल गुच्छ. चिलीतील आल्मा दुर्बीणसमूहाने ८७० मायक्रॉनवर तिचा प्रकाश टिपला, तेव्हा त्यातला फार मोठा भाग धुळीचा नसून आयनित वायूचा असल्याचे दिसून आले. भेसळ वजा करताना २१ सेंटिमीटरजवळचे एखादे रेडिओ मोजमाप घेऊन सरळ रेषा ओढली जाते. हे अशा दीर्घिकांत धोक्याचे आहे, कारण दाट आयनित वायू कमी वारंवारतेवर स्वतःचाच प्रकाश गिळतो आणि सरळ रेषेने भेसळ कमी वाटते. काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर तरंगलांबीची मोजमापे मिळाली तरच ही वजाबाकी विश्वसनीय होते. कार्बन मोनॉक्साइडची ८७० मायक्रॉनजवळची रेषाही हिशोबात धरण्याची पद्धत आहे. कमी धातुतेत ती इतकी क्षीण असते की तिच्यावर वेळ घालवू नये.

हे सगळे वजा करूनही काही दीर्घिकांत जादा प्रकाश उरतो, हे मान्य केले पाहिजे. एनजीसी १५६९ सारख्या जवळच्या बटू दीर्घिकांत तो हर्शेलच्या आधीच, जमिनीवरच्या ८५० मायक्रॉनच्या निरीक्षणांतून दिसला होता, आणि आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या मॅगेलन मेघ या दीर्घिकेत तो प्लांक उपग्रहानेही स्पष्टपणे पाहिला. चार स्पष्टीकरणे चर्चेत आहेत: अतिथंड धूळ, वेगाने गरगरणारे विद्युतभारित सूक्ष्म कण, लोहयुक्त चुंबकीय अतिसूक्ष्म कणांचे उत्सर्जन, आणि धुळीच्या द्रव्याचेच प्रकाशीय गुणधर्म आपण धरतो त्यापेक्षा वेगळे असणे. गरगरणाऱ्या कणांचा कळस सेंटिमीटर तरंगलांबीच्या आसपास असल्याने ५०० मायक्रॉनला त्यांचा उपयोग नाही. मिलिमीटरपलीकडच्या भागात मात्र ते महत्त्वाचे ठरतात. चुंबकीय कणांची कल्पना मला आकर्षक वाटते, पण तिची स्वतंत्र खूण अजून पुरेशी पक्की नाही. उरतात पहिले आणि शेवटचे.

अतिथंड धुळीविरुद्ध सर्वांत मोठा मुद्दा सावलीचा आहे. ३० केल्विनच्या परिसरात धुळीला १० केल्विनपर्यंत उतरवायचे तर तिला मिळणारी उष्णता सातशे पटींनी कमी करावी लागते, म्हणजे अतिनील प्रकाशाची सात प्रतींहून (एक प्रत म्हणजे प्रकाश सुमारे अडीच पट कमी) थोडी जास्त झाकणी हवी. वायू-धूळ गुणोत्तर १०,००० असलेल्या दीर्घिकेत तेवढी झाकणी मिळवायला आकाशगंगेच्या तुलनेत सुमारे सत्तरपट वायूचा थर लागतो. असे दाट गाभे असतात, नाही असे नाही. आल्माने डब्ल्यूएलएम या सूर्याच्या १३ टक्के धातुतेच्या बटू दीर्घिकेत कार्बन मोनॉक्साइडचे असे दहा चिमुकले ढग शोधले आणि ते २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांची सरासरी त्रिज्या दोन पार्सेकच्या, म्हणजे साडेसहा प्रकाशवर्षांच्या आसपास होती. त्या गाभ्यांत थंड धूळ असेलच. पण दीर्घिकेतील बहुसंख्य धूळ अशा तुरळक गाभ्यांत कोंबलेली आहे आणि बाहेरच्या विस्तीर्ण वायूत जवळजवळ नाही, असे चित्र मला पटत नाही. मॅगेलन मेघांत तर जागेनुसार पाहता येते, आणि तिथल्या हर्शेलच्या नकाशांच्या २०१४ च्या विश्लेषणाचा कल स्पष्ट होता: थंड धुळीचा दुसरा घटक धरण्यापेक्षा लांब तरंगलांबीवर उत्सर्जकतेचा उतार बदलतो असे धरणे अधिक सयुक्तिक. त्या पद्धतीने मोठ्या मेघात सुमारे ७ लाख ३० हजार आणि छोट्यात सुमारे ८३ हजार सूर्यवस्तुमान धूळ निघते, आणि हे आकडे तिथल्या धातूंच्या साठ्यात बसतात.

प्रयोगशाळेतील मोजमापेही याच बाजूने बोलतात. स्फटिकरूप नसलेल्या सिलिकेटची उत्सर्जकता तापमानानुसार बदलते आणि लांब तरंगलांबीवर ती प्रचलित प्रतिमानांत धरली जाते त्याहून जास्त असते. कार्बनच्या बाबतीत ग्रॅफाइटऐवजी आकारहीन कार्बन धरला तरी मोठ्या मॅगेलन मेघातील धुळीचे वस्तुमान दोन-तीन पटींनी कमी होते. म्हणून तुमच्या उत्तराला लागलेली खरी अनिश्चितता वक्राच्या चुकीची नव्हे, तर कणांच्या द्रव्याच्या निवडीची असते. संगणक वस्तुमानापुढे पंधरा टक्क्यांची चूक लिहून देतो. त्या आकड्यावर विसंबून कोणी निष्कर्ष काढू नये.

धुळीचे वस्तुमान काढून शेवटी काय कळते, हेही सांगतो, कारण प्रकल्पाच्या प्रस्तावनेत तेच लिहावे लागेल. धातुता सूर्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरते तोवर वायू-धूळ गुणोत्तर धातुतेच्या व्यस्त प्रमाणात वाढते: धातू निम्मे, तर धूळ निम्मी. त्याखाली मात्र हा नियम मोडतो आणि धूळ धातूंपेक्षा कितीतरी वेगाने नाहीशी होते. एक दशांश धातुतेला सरळ प्रमाणाने दीड हजारांच्या आसपास गुणोत्तर यायला हवे, तिथे प्रत्यक्षात दहा हजारांच्या घरातले मिळते. याचा सर्वमान्य अर्थ असा की, ताऱ्यांतून थेट बाहेर पडणारी धूळ एकूण धुळीचा छोटा भाग आहे. उरलेली धूळ आंतरतारकीय ढगांत कणांवर अणू चिकटून वाढते, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी धातू असतील तर ही वाढ सुरूच होत नाही. सुपरनोव्हा १९८७ए या स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषांत हर्शेलला जवळपास अर्ध्या सूर्यवस्तुमानाची थंड धूळ दिसली हे खरे, पण मागे फिरणाऱ्या आघात तरंगातून तिच्यातील किती वाचेल हा प्रश्न उरतोच.

या उताराच्या तळाशी आय झ्विकी १८ ही दीर्घिका आहे. सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवर. १९७२ पासून ती धातूंच्या दारिद्र्याचे प्रमाण मानली जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्यातील धूळ काही शे ते फार तर दोन हजार सूर्यवस्तुमानांच्या आत ठरली. तिच्या धातुतेवरून सरळ प्रमाणाने जितकी असावी त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. गंमत अशी की, एसबीएस ०३३५-०५२ ची धातुता जवळपास तितकीच असूनही तिच्यात धूळ कितीतरी पटींनी जास्त आहे. स्पिट्झरने तिचा वर्णपट घेतला तेव्हा त्याचा कळस २८ मायक्रॉनजवळ सापडला आणि कार्बनी रेणूंच्या पट्ट्यांचा मागमूसही नव्हता. सारखेच धातू, तरी धुळीत एवढा फरक. त्याचे सर्वांत पटणारे कारण वायूच्या घनतेत आहे, कारण दाट वायूत कण लवकर वाढतात. ‘थंड’ धूळ शोधायला निघालेल्यांना कमी धातुतेच्या टोकाला अशी गरम धूळ भेटते, हे विसरू नये.

आता तुमच्या प्रकल्पाबद्दल. दीर्घिका निवडताना धातुतेच्या टोकाकडे धाव घेऊ नका. तिथे २५० मायक्रॉनपुढे बहुतेक ठिकाणी फक्त वरच्या मर्यादाच हाती लागतात. एनजीसी ६८२२ अनेकांना सुचते, कारण ती धनू राशीत, जेमतेम सोळा लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि उमरेड किंवा रामटेकच्या पलीकडच्या काळोख्या आकाशात मध्यम दुर्बिणीतून धूसर डाग म्हणून दिसतेही. पण आपल्याच आकाशगंगेची धूळ तिच्यावर पसरलेली आहे, आणि दोघींच्या हायड्रोजनचे वेगही एकमेकांत मिसळतात, त्यामुळे पार्श्वभूमी वजा करताना हात पोळतात. त्यापेक्षा एनजीसी ४२१४ घ्यावी. ती आकाशगंगेच्या प्रतलापासून दूर आहे, सुमारे ९५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, धातुता सूर्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे आणि हर्शेलच्या सहाही पट्ट्यांत ती स्वच्छ दिसते.

प्रतिमा संग्रहातून घेतल्यावर सर्व पट्टे ५०० मायक्रॉनच्या ३६ सेकंदांच्या पसाऱ्याला आणून मगच एकाच वर्तुळात प्रकाश मोजा. पॅक्सच्या प्रतिमा कोणत्या प्रक्रियेने बनवल्या आहेत ते पाहा, कारण गोंगाट घालवणारी काही गाळणी दीर्घिकेच्या कडेचा पसरट प्रकाशही खाऊन टाकतात, आणि मग १६० चा बिंदू खाली जाऊन ५०० चा उगीच वर वाटतो. वक्र बसवताना ७० मायक्रॉनचा बिंदू मर्यादा म्हणूनच वापरा. क्षणभर तापणारे लहान कण तिथे भेसळ करतात. तापमान आणि उत्सर्जकतेचा घात दोन्ही मोकळे सोडलेत तर गोंगाटामुळेच त्यांच्यात व्यस्त संबंध तयार होतो आणि तो निसर्गाचा नियम असल्याचा भास होतो. घात आधी दोन, मग दीड असा स्थिर ठेवून दोन्ही उत्तरे शेजारी मांडा. एकाच तापमानाऐवजी निरनिराळ्या तीव्रतेच्या प्रकाशात तापलेल्या धुळीचे मिश्रण धरणारे प्रतिमान चालवता आले तर उत्तम, कारण दीर्घिकेत सगळी धूळ एका तापमानाची नसते आणि एका तापमानाचा वक्र वस्तुमान नेहमी कमी सांगतो.

धातूंच्या हिशोबासाठी वायूचे वस्तुमान लागेल, आणि तिथे दोन सूचना आहेत. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेषेवरून मिळतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने क्षीण अनियमित दीर्घिकांची मोठी पाहणी केली आहे आणि तिचे निकाल उपलब्ध आहेत. मात्र हायड्रोजनची तबकडी धुळीच्या तबकडीपेक्षा कितीतरी पसरलेली असते, म्हणून अख्ख्या दीर्घिकेचा वायू न घेता धूळ मोजली त्याच वर्तुळातला वायू घ्या. हा फरक केला नाही तर गुणोत्तर सहज दुप्पट-तिप्पट चुकते. रेणुरूप हायड्रोजन हा जास्त अवघड भाग आहे. कमी धातुतेत कार्बन मोनॉक्साइड अतिनील प्रकाशाने फुटते, पण हायड्रोजनचे रेणू स्वतःचे रक्षण करून टिकतात, त्यामुळे बराच रेणुवायू कार्बन मोनॉक्साइडच्या नकाशात दिसतच नाही. १५८ मायक्रॉनची आयनित कार्बनची रेषा अशा वायूचा माग काढायला उपयोगी पडते, आणि हर्शेलच्या पॅक्सने एनजीसी ४२१४ सह अनेक बटू दीर्घिकांत ती मोजलेली आहे. धुळीवरूनच रेणुवायू काढण्याची पद्धतही रूढ आहे. तुम्ही ती वापरू नका, कारण तिच्यात वायू-धूळ गुणोत्तर आधीच गृहीत धरलेले असते आणि तुम्ही तेच शोधायला निघाला आहात.

निकाल लिहिताना ५०० मायक्रॉनच्या बिंदूसह आणि त्याच्याशिवाय अशी दोन वस्तुमाने द्या, प्रत्येकासमोर धुळीत अडकलेल्या धातूंची टक्केवारी लिहा आणि ३५० मायक्रॉनवर किती जादा प्रकाश अपेक्षित होता व किती मिळाला ते सांगा. परीक्षकांनी थंड धुळीबद्दल विचारले तर हेच तीन आकडे त्यांच्यापुढे ठेवा. नव्या दूर-अवरक्त दुर्बिणीची वाट पाहावी का, असे मनात येत असेल तर सांगतो की, युरोप आणि जपान यांची स्पायका मोहीम २०२० मध्ये रद्द झाली, आणि नासाने २०२४ मध्ये पुढील अभ्यासासाठी निवडलेल्या दोन प्रस्तावांपैकी प्रायमा हा या पट्ट्यातला आहे. पण त्यातून काही निघायचे तर २०३० च्या दशकात निघेल. तुमच्या पदवीसाठी हर्शेलचा संग्रह पुरेसा आहे.